‘आपलं पोट पक्कं आहे’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. सार असं की फूड सेफ्टी वगैरे गोऱ्यांची फॅडं आहेत, आपल्या आजीने कधी एक्सपायरी डेट बघितली नव्हती, आपलं पोट पक्कं आहे, घरचं आणि प्रसादाचं कधी बाधत नाही, नीट गरम केलं की सगळे जंतू मरतात, खरं विष ते पाकिटातलं, आणि ते एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स म्हणजे गरीब गाडीवाल्याकडून पैसे काढायचा धंदा. शेवटी नेहमीप्रमाणे ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता लिहायला बसलो. एकेक मुद्दा घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाहीये, काही मुद्द्यांत दम आहे आणि काही दोन ओळीत निकालात निघतात.

‘आपलं पोट पक्कं, परदेशी लोकांना दोन दिवसात जुलाब होतात’

यात थोडं खरं आहे हे आधीच कबूल करून टाकू. लहानपणापासून तेच पाणी, तेच जंतू पोटात जात असतील तर काही जंतूंच्या बाबतीत शरीर तयार होतं. ‘हिपॅटायटिस ए’चं उदाहरण घ्या, आपल्याकडे वर्षानुवर्षं बहुतेकांना ही कावीळ लहानपणीच होऊन जायची, कित्येकदा कळायचीसुद्धा नाही आणि मग आयुष्यभर पुन्हा होत नसे. टुरिस्ट लोकांना आतड्यातल्या ज्या ई-कोलाय नावाच्या जंतूमुळे त्रास होतो त्यातल्या काही प्रकारांची आपल्याला थोडीफार सवय असते. एवढंच.

आता पुढचं. ही ‘तयारी’ होताना किती पोरं गेली ते फॉरवर्डमध्ये नाहीये. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या दशकात आपल्याकडे जन्मलेल्या हजार मुलांमागे दीडशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नव्हती, आता हा आकडा तिशीच्या खाली आलाय. ती सगळी जुलाबानेच गेली असं नाही, पण हगवण-उलटी हे त्यातलं मोठं कारण होतंच. घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘आम्ही आठ भावंडं, त्यातली पाच जगली’ हे वाक्य ऐकायला मिळेल. जी जगली ती आज सांगतात आमचं पोट पक्कं होतं, जी गेली त्यांचं मत कोण विचारणार आणि कसं विचारणार. आणि जी जगली त्यांचंही सगळं छान झालं असं नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, आणि सारखे सारखे होणारे पोटाचे आजार हे त्याच्या कारणांपैकी एक मानलं जातं.

शिवाय सवय जंतूंची होते, विषाची होत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या भागातल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, लिव्हर फेल होऊन. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. गावातली कुत्रीसुद्धा मेली त्यात, आणि गावातल्या कुत्र्यापेक्षा पक्कं पोट कोणाचं असणार?

आणि पुण्याचं इतक्यात विसरलात? जानेवारी २०२५, सिंहगड रोड, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी हा पट्टा. चांगली धडधाकट माणसं, आधी जुलाब झाले आणि मग काही दिवसांनी पायातली ताकद गेली, मुंग्या यायला लागल्या, काही जण थेट व्हेंटिलेटरवर. जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) हा शब्द तोपर्यंत कोणाला माहीतही नव्हता. दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले, काहींचा जीव गेला. तपासणीत काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, संशय मुख्यतः पाण्यावर होता. हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून येतो, शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि क्वचित कधी त्या लढाईत स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. म्हणजे जुलाब थांबले, पोटाने आपलं काम केलं, आणि तरी माणूस आडवा.

‘परदेशात तरी कुठे एवढं होतं, त्यांचं अन्न स्वच्छ म्हणून त्यांना इम्युनिटी नाही’

(एकाच वाक्यात दोन उलट गोष्टी, पण असो.)

होतं की. २०११ मध्ये जर्मनीत एका घातक ई-कोलायने ३८०० च्या वर लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त मेले. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर खापर फोडलं, स्पॅनिश शेतकऱ्यांचं प्रचंड नुकसान झालं, आणि शेवटी निघालं काय तर मोड आलेली मेथी! इजिप्तमधून आलेले मेथीचे दाणे, ज्यांना जर्मनीतल्या एका फार्मवर मोड आणले आणि सॅलडवर घालायला हॉटेलांना विकले. हे शोधलं कसं ते मला फार आवडतं. आजारी माणसांना ‘काय खाल्लं’ विचारलं तर सॅलड, टोमॅटो, काकडी सांगायचे, मोड कोणाच्या लक्षातच नाहीत कारण ते नुसते वरून भुरभुरलेले. मग तपास करणाऱ्यांनी एका हॉटेलात जेवलेल्या ग्रुप्सची बिलं काढली, लोकांनी काढलेले ताटांचे फोटो बघितले, आचाऱ्याला बसवून प्रत्येक डिशमध्ये नेमकं काय काय पडतं ते विचारलं, आणि मग दिसलं की ज्यांच्या ताटात मोड होते तेच आजारी पडलेत.

देशपातळीवरची फूड सेफ्टी म्हणतात ती मुख्यतः ही. नुसत्या धाडी नाहीत. कोण आजारी पडलं, कुठे, काय खाल्लं होतं, तो माल आला कुठून, आणि तो अजून कुठे कुठे गेलाय, हे शोधत मागे मागे जाणं. आपल्याकडे लग्नात शंभर माणसं आजारी पडली की पेपरात चार ओळी येतात, ‘अन्नातून विषबाधा, प्रकृती स्थिर’, आणि विषय संपला. कशातून झाली, कोणता जंतू, काही नाही. नमुना घ्यायला माणूस पोचेपर्यंत पातेली घासून झालेली असतात.

म्हणून मग असं वाटतं की आपल्याकडे काही होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अंदाज दिला होता, जगात दरवर्षी ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात, ४ लाख २० हजार मरतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. आपण ज्या आग्नेय आशिया विभागात येतो तिथे १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू. हा अंदाज आहे, मोजदाद नाही, कारण मोजायला आधी नोंद लागते आणि आपण जुलाब झाले तर मेडिकलमधून दोन गोळ्या आणून गप्प बसतो. २००४ पासून आपल्याकडे आयडीएसपी नावाची रोगांवर लक्ष ठेवायची राष्ट्रीय व्यवस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यातून साथींचे रिपोर्ट येतात आणि त्यात अतिसार आणि फूड पॉयझनिंग कायम वरच्या नंबरांत असतं. आणि ही फक्त साथीची नोंद, एकट्यादुकट्याची नाहीच.

‘घरचं आणि प्रसादाचं कधी बाधत नाही’

हे महाराष्ट्रात राहून कोणी कसं लिहू शकतं मला खरंच कळत नाही. फेब्रुवारी २०२४, बुलढाणा जिल्हा, लोणार तालुक्यातलं सोमठाणा. हरिनाम सप्ताह चालू, प्रसाद घेतला आणि दोनशेहून जास्त लोकांना उलट्या-जुलाब. ग्रामीण रुग्णालयात खाटा नाहीत म्हणून लोक बाहेर उघड्यावर झोपलेले, झाडांना दोऱ्या बांधल्या आणि त्या दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या. तो व्हिडिओही याच ग्रुप्सवर फिरला होता. भक्तीत कमी नव्हती कोणाच्या, पण जंतूला काय त्याचं.

आणि भगर. दरवर्षी महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र आलं की मराठवाड्यातून आणि बाकीच्या जिल्ह्यांतून बातमी ठरलेली: भगरीच्या पिठाच्या भाकरी खाऊन अमुक जणांना विषबाधा. घरी केलेल्या भाकरी बरं का, हॉटेलातल्या नाहीत. चक्कर, मळमळ, उलट्या, आणि हातापायाला थरथर. अन्न व औषध प्रशासन (एफडीए) दर सणाआधी पत्रक काढून सांगतं, वरईवर अस्परजिलस जातीच्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो, त्यातून फ्युमिगाक्लेव्हीनसारखी विषद्रव्यं तयार होतात. दमट हवा मिळाली की ही बुरशी वाढते. पीठ करून ठेवलं की आणखी पटकन, कारण पीठ ओल धरतं. दुकानात काय होतं तर मागच्या उपासाचं उरलेलं सुटं पीठ पोत्याच्या तळाशी पडून राहतं आणि पुढच्या एकादशीला तेच तराजूत येतं. बघून कळत नाही, भाकरी भाजूनही भागत नाही. म्हणून एफडीए काय सांगतं? सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद भगर घ्या, त्यावरची तारीख बघा, घरी निवडून स्वच्छ करून लागेल तेवढीच दळा आणि कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

‘तारीख बघा’ हे वाचलंत ना? आजीने एक्सपायरी डेट बघितली नव्हती कारण आजीच्या घरी वरई दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाकडून यायची आणि कधीची आहे ते आजीला पाठ असायचं. आता ती कुठल्या राज्यातून, कुठल्या गोडाऊनमधून, किती पावसाळे काढून आली ते छापल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

घरचं म्हणून आणखी एक सांगतो. ज्या ओट्यावर आणि ज्या सुरीने कच्चं चिकन कापलं त्याच सुरीने लगेच काकडी चिरायची, मध्ये नुसती पाण्याखाली धरली की झालं. चिकन शिजणार आहे, कोशिंबीर शिजणार नाहीये. आणि नळाखाली चिकन धुताना जे शिंतोडे उडतात ते शेजारच्या भांड्यांवर.

‘नीट गरम केलं की सगळे जंतू मरतात’

हा मुद्दा सगळ्यात जास्त माणसांना आजारी पाडतो असं माझं मत आहे, कारण हा अर्धा बरोबर आहे आणि आपल्याला अर्ध्यावर थांबायची हौस.

बरोबर भाग: अन्न आतपर्यंत ७० अंशाच्या वर गेलं की बहुतेक जिवंत जंतू मरतात. पण काही जंतू बी करून बसतात, म्हणजे स्पोअर, आणि ते उकळीलाही मरत नाहीत. आता लग्नाच्या आदल्या रात्रीचं चित्र डोळ्यासमोर आणा. आचाऱ्याने रात्री अकराला मटणाचा रस्सा उतरवला, भलं मोठं पातेलं, दोन माणसांनी कडी धरून खाली घेतलेलं, वर झाकण, झाकणावर ओलं फडकं, सकाळी अकराला पंगत. सगळ्यांना वाटतं रात्रभर झाकून ठेवलंय म्हणजे सुरक्षित. पण एवढं मोठं पातेलं निवायला तासन्‌तास लागतात, कडेने गार होतं आणि मधोमध पहाटेपर्यंत कोमट राहतं. उकळीत वाचलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे स्पोअर त्या कोमटात जागे होतात, आणि ४३-४५ अंशाच्या आसपास हा जंतू जेमतेम दहा मिनिटांत दुप्पट होतो. दहा मिनिटांनी दुप्पट म्हणजे दोन तासांत एकाचे चार हजार. सकाळी गडबडीत रस्सा नुसता गरम-गरमसा करतात, खळखळून उकळत नाहीत, कारण पंगत थांबलेली असते आणि गॅस कमी असतो. रात्रीपर्यंत निम्मं वऱ्हाड पोट धरून बसलेलं, आणि दोष कोणाला? मठ्ठ्याला नाहीतर पाण्याला.

यावर उपाय अगदी फालतू वाटेल इतका साधा आहे. उरलेलं किंवा आदल्या दिवशीचं मोठ्या पातेल्यात ठेवू नका, परातींमध्ये, पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून ओता, लवकर गार करा, फ्रीजमध्ये टाका. ते जमत नसेल तर गरमच ठेवा, ६० अंशाच्या वर, खाली मंद आच चालू ठेवून. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा धोक्याचा, आणि त्यात शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर ठेवू नये. बस. याला ना महागडं मशीन लागतं ना इंग्रजी.

दुसरा प्रकार आणखी वाईट. काही जंतू अन्नात विष सोडून जातात आणि मग जंतू मेला तरी विष तसंच राहतं. स्टॅफिलोकॉकस हा आपल्यातल्या दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात सहज सापडतो, बोटाला जखम, गळू असेल तर तिथे असतोच. आचाऱ्याने नाक पुसून त्याच हाताने पेढे वळले, मावा बाहेर राहिला, झालं काम. अर्धा तास उकळलं तरी ते विष जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू. बॅसिलस सेरियस नावाचा भातातला जंतू तर असं विष करतो की जे प्रेशर कुकरलाही दाद देत नाही, म्हणून रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करणाऱ्यांनी (आपण सगळेच) तो रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावा एवढं तरी करा.

आणि रसायनाचं काय, ते उकळून जाणार आहे का? बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावची शाळा, १६ जुलै २०१३, मध्यान्ह भोजन. ताजं, गरमागरम, समोर शिजवलेलं जेवण. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, शेतात मारायचं कीटकनाशक. २३ मुलं गेली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी सांगितलं होतं तेलाचा वास वेगळा येतोय म्हणून, पोरांनीही भाजी कडू लागतेय म्हणून तक्रार केली होती. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत आता लिहिलंय की जेवण मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने चाखायचं. अशा नियमाला ‘फॅड’ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

‘पाकिटातलं विष, सुटं ते शुद्ध’

पाकिटातल्या चिप्स-बिस्किटात मीठ, साखर, तेल जास्त असतं, रोज खाऊ नये, हे मान्य, पण तो वेगळा मुद्दा आहे आणि वेगळ्या आजारांचा. सुटं म्हणजे शुद्ध कसं काय? १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, लोकांचे पाय सुजले, हृदयावर परिणाम झाला, साठहून जास्त मेले. सुट्या तेलाचा टिपूस कुठल्या घाण्यातून आला हे शोधणार कसं? पाकिटावर निदान बॅच नंबर असतो, चौदा आकडी लायसन्स नंबर असतो, माल परत मागवता येतो.

यातच तो दुसरा फॉरवर्ड येतो, हे दोन्ही बहुतेक वेळा तेच काका पाठवतात: ‘डब्ल्यूएचओचा इशारा, दुधातली भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर’. असा इशारा डब्ल्यूएचओने कधीच दिला नव्हता, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, सरकारनेही खुलासा केला. आणि २०२५ येऊन गेलं. म्हणजे सकाळी आपलं पोट लोखंडाचं आणि संध्याकाळी ८७ टक्के कॅन्सर, एक काहीतरी ठरवा.

दुधाचं खरं चित्र वेगळंच आहे. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने तपासले. युरिया, डिटर्जंट वगैरे धोकादायक भेसळ किती सापडली? १२ नमुन्यांत. फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ) कमी असलेलं दूध बरंच होतं, म्हणजे पाणी घातलेलं किंवा जनावरांचा खुराकच कमी, ती फसवणूक आहेच, पण त्याने कोणी मरत नाही. काळजीची गोष्ट वेगळी निघाली: ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे त्या मक्याच्या बुरशीच्या विषाचा दुधात उतरणारा प्रकार, मर्यादेपेक्षा जास्त. ते कुठून येतं? गाई-म्हशींना घातलेल्या बुरशी आलेल्या पेंडीतून, कडब्यातून, मक्यातून. म्हणजे आपण गवळ्याने रात्री डिटर्जंट घोटला का याचा विचार करत बसलोय आणि प्रॉब्लेम गोठ्याशेजारच्या ओल्या गोदामात आहे. भीती चुकीच्या जागी लागलीये. रेशनचा फोर्टिफाइड (वरून पोषक द्रव्यं घातलेला) तांदूळ पाण्यावर तरंगला म्हणून तो ‘प्लास्टिकचा’ ठरवून फेकून देणारे लोक नळावर कच्चं चिकन धुताना बिनधास्त असतात.

‘लायसन्स म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय’

छोट्या विक्रेत्याला लायसन्स लागतच नाही, नुसती नोंदणी, आणि त्याची फी वर्षानुवर्षं फक्त १०० रुपये वर्षाला होती. ठरलेल्या फीच्या वर कोणी घेत असेल तर ती लाच आहे, आणि लाच घेतात हे मी नाकारत नाहीये. पण गाडीवाल्याचा खरा प्रॉब्लेम शंभर रुपये नाहीच. त्याला नळ नाही. एका बादलीत पन्नास प्लेटा विसळणाऱ्या माणसाला तुम्ही कितीही भाषण द्या, दुसरी बादली भरायला पाणी कुठून आणणार तो? अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळचे स्टॉल २०१८ मध्ये देशातलं पहिलं ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ ठरले, या योजनेत गाड्यांना हटवायचं नसतं, त्यांच्यापर्यंत पाणी, कचऱ्याची सोय, लाइट आणि ट्रेनिंग न्यायचं असतं. हे जास्त ठिकाणी का होत नाही असा प्रश्न फॉरवर्डमध्ये असता तर मीच पहिला पुढे पाठवला असता.

आणि गाडीवाल्याचं गिऱ्हाईक कोण आहे हेही बघा. हमाल, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, साइटवरचे मजूर. ते आजारी पडले तर त्या दिवसाची मजुरी गेली, वर सलाईनचा खर्च. स्वच्छ अन्नाचा आग्रह म्हणजे श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो, श्रीमंत माणूस आरओचं पाणी पिऊन चांगल्या हॉस्पिटलात जाऊन बरा होतो.

‘१९५४ पासून कायदे आहेत, काय फरक पडला? सरकारला जमणारच नाही’

इथे फॉरवर्डवाल्याचा राग मला समजतो. जुना भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, मग २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, त्याचे नियम लागू व्हायला उजाडलं ऑगस्ट २०११. २०१७ च्या कॅगच्या (सरकारी कारभाराचं ऑडिट करणारी संस्था) रिपोर्टने तर कपडेच उतरवले, ज्या ७२ राज्य प्रयोगशाळांकडे नमुने जात होते त्यातल्या ६५ कडे एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताच नव्हती. म्हणजे नमुना घेतला, तपासला, आणि कोर्टात वकिलाने दोन मिनिटांत उडवला. कायद्याच्या कलम ३५ मध्ये अशी सोय आहे की ठरवलेल्या भागातल्या डॉक्टरांना फूड पॉयझनिंगच्या केसेस कळवणं बंधनकारक करता येतं, तुमच्या फॅमिली डॉक्टरला विचारून बघा त्यांनी आयुष्यात कधी अशी केस कळवलीये का. कायदा कागदावर उत्तम आहे, माणसं आणि लॅब नाहीत. ही तक्रार करा की, मोठ्याने करा. पण ‘राबवत नाहीत म्हणून नकोच’ हे कुठलं लॉजिक?

आणि जमत नाही हे खोटं आहे. नारू आठवतो? पायातून हातभर लांब किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचे, पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी पिऊन व्हायचा तो. त्यावर लस नव्हती, औषध नव्हतं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव पेशंट शोधले, कळवणाऱ्याला बक्षीस दिलं, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, पाणी गाळून प्यायला शिकवलं, हातपंप दिले. जुलै १९९६ मध्ये शेवटचा पेशंट, २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर. आज तिशीतल्या माणसाला नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं.

शेजारच्या बांगलादेशचं बघा, ते तर आपल्यापेक्षा कमी पैसेवाले. तिथे हळदीला चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळायचे, शिशाचा पिवळा रंग. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, ते कुठून येतंय हे शोधता शोधता संशोधक हळदीपर्यंत पोचले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. मग सरकारने ढाक्याच्या ठोक बाजारात धाड टाकली, व्यापाऱ्यांना दंड केला, टीव्हीवर दाखवलं, बाजारात नोटिसा लावल्या, जागेवर शिसं दाखवणारं मशीन अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. २०२१ मध्ये शून्य टक्के. दोन वर्षांत.

‘आपण सामान्य माणसं काय करणार’

हा मुद्दा फॉरवर्डमध्ये नाही, खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहिला होता, पण उत्तर द्यायला हवंच. २००६ च्या त्याच कायद्याच्या कलम ४० खाली कोणीही साधा ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो, फक्त विकत घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं आणि फी भरावी लागते, भेसळ निघाली तर फी परत मिळते. अन्न विश्लेषकाने नमुना हातात आल्यापासून १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. दूषित अन्नाने माणूस दगावला तर वारसांना किमान पाच लाख भरपाईची तरतूद आहे, ही बहुतेकांना माहीतच नसते, त्यामुळे कोणी मागत नाही.

आणि पुढच्या वेळी हळदीच्या कार्यक्रमात, बारशात, सप्ताहात दोन-चार घरांतल्या लोकांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर आधी आजाऱ्यांना ओआरएस आणि दवाखाना, पण त्याच वेळी कोणीतरी एकाने उरलेलं जेवण फेकू देऊ नका, पातेली घासायला टाकू देऊ नका. प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा भाग स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, पाकिटं-पिशव्या कचऱ्यातून काढून बॅच नंबरचे फोटो घ्या, कोणी काय खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला याची यादी करा, जे आजारी पडले नाहीत त्यांनी काय खाल्लं तेही लिहा. डॉक्टरांना शौचाचा नमुना लॅबला पाठवायला सांगा, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतला तर उत्तम. आणि एफडीएला फोन करा, १८००-२२२-३६५ हा टोल फ्री आहे. यजमानाला वाईट वाटेल, आचारी भांडायला उठेल, ‘आमची बदनामी करता का’ म्हणतील, म्हणू देत, नमुना मात्र दुपारच्या आत गेला पाहिजे.